कपाट उघडणारी

कोरियन भाषेत मोठ्या बहिणीला मारायच्या हाका दोन आहेत. भावाने मारायची वेगळी, बहिणीने मारायची वेगळी. धाकट्या बहिणीने मोठीला म्हणायचं ‘ऑन्नी’. इंग्रजी सबटायटल्सना या शब्दाचं काय करावं ते कळत नाही, बहुतेकदा तिथे मोठीचं नाव टाकून वेळ मारून नेलेली असते. मराठी कानाला मात्र तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो. ऑन्नी म्हणजे ताई. मोठी धाकटीला हाक मारते ती साध्या नावाने, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही.

किम जी-वून या दिग्दर्शकाचा ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ हा २००३ सालचा कोरियन भयपट मी आजवर चार वेळा पाहिला आहे. पहिल्यांदा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, साताऱ्याच्या घरी, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून. या सिनेमावर जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं कोडं सोडवण्यात खर्ची पडलेलं असतं: खरं कोण, भास कुठला, शेवटी नेमकं झालं काय. कोडं सुरेख आहे यात वाद नाही, आणि पुढे मी ते सरळ फोडणार आहे. ज्यांना सिनेमा कोरा पाहायचाय त्यांनी आधी पाहून यावं. मला बोलायचंय ते जरा वेगळ्या बाजूने. हा सिनेमा बराचसा मोठ्या बहिणीच्या डोक्यात घडतो. मी घरातली धाकटी. चारही वेळा मी तो त्या दुसऱ्या मुलीकडून पाहिला, जी पडद्यावर बहुतेक वेळ दिसते आणि तरी तिथे नसते.

आधी मुळातली गोष्ट. सिनेमाचं कोरियन नाव ‘जांगह्वा, होंग्र्योन’ असं आहे, आणि ती कोरियातली जुनी, घरोघरी माहीत असलेली लोककथा आहे. जांगह्वा आणि होंग्र्योन या दोन बहिणी. एकीच्या नावात गुलाब, दुसरीच्या नावात लाल कमळ. आई मरते, बाप दुसरं लग्न करतो. सावत्र आई एक सोललेला उंदीर थोरलीच्या अंथरुणात ठेवते आणि हिचा गर्भ पडलाय असा आळ घेते. थोरलीला तळ्यात बुडवून मारलं जातं. धाकटी तिच्या ओढीने त्याच तळ्यात जीव देते. मग दोघींची भुतं न्याय मागायला गावच्या अधिकाऱ्याकडे जातात. एकामागून एक अधिकारी नुसते त्यांना पाहूनच भीतीने मरतात. शेवटी एक धीट अधिकारी येतो, त्यांचं म्हणणं ऐकून घेतो, सावत्र आईला शिक्षा होते. पुढे या बहिणी त्याच बापाच्या पोटी जुळ्या म्हणून पुन्हा जन्माला येतात. ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची लहानपणीच भेटलेल्या आपल्यासारख्यांना या गोष्टीतलं काही परकं वाटत नाही.

या कथेवर कोरियात १९२४ पासून सिनेमे निघालेत. किम जी-वूनने तिच्यातली एकच गोष्ट बदलली आणि सगळंच बदललं. लोककथेत दोघी मरतात, म्हणून दोघी एकत्र राहतात. सिनेमात एक मरते आणि एक उरते. सिनेमा त्या उरलेलीचा आहे.

सू-मी ही थोरली आणि सू-यन ही धाकटी. इम सू-जंग आणि मून गुन-यंग या दोघींनी ही कामं केलीत. बापाच्या गाडीतून त्या गावाबाहेरच्या मोठ्या लाकडी घरी येतात. भिंतींवर फुलापानांचा गडद वॉलपेपर आहे, इतका दाट की फुलं माणसांकडे बघतायत असं वाटावं. जवळच पाणी आहे, दोघी जाऊन पाय सोडून बसतात. घरात सावत्र आई उन-जू आहे, फार हसणारी, फार बोलणारी. सख्खी आई आजारी असताना ती नर्स म्हणून या घरात आली होती. यम जंग-आने ही बाई अशी केलीय की तिचं हसू थांबलं की आपल्या पोटात गोळा येतो. बाप गप्प असतो. रात्री धाकटीच्या खोलीचं दार आपोआप उघडतं, कुणीतरी पांघरूण ओढतं. ती उठून थोरलीच्या अंथरुणात शिरते, आणि थोरली सांगते की मी आहे, मी कायम आहे.

सावत्र आई धाकटीला छळत जाते. तिच्या हातांवर वळ दिसतात. एकदा ती धाकटीला तिच्याच खोलीतल्या कपाटात कोंडते. थोरली येऊन कपाट उघडते, तिला कवेत घेते आणि पुन्हा पुन्हा माफी मागते, की मला तुझा आवाज ऐकू आला नाही. पुढे ती बापाला जाब विचारते, तुम्हाला दिसत नाही का ही बाई सू-यनला काय करते ते. तेव्हा बाप, थकलेल्या आवाजात, सांगतो की सू-यन कधीच गेली.

त्यानंतर एकेक गाठ सुटत जाते. सू-मी मानसिक रुग्णालयातून घरी आलीय. घरात ती आणि तिचा बाप, दोघंच आहेत. धाकटी तिच्या मनातली. आणि इतके दिवस पाहिलेली सावत्र आईसुद्धा तीच, म्हणजे स्वतः सू-मीच तिच्यासारखी बोलत, वागत होती. खरी उन-जू शेवटाकडे बाहेरून घरात येते, साध्या कपड्यांत, शांत, जराशी घाबरलेली.

तिसऱ्यांदा पाहताना मी, कामाची सवय म्हणून, एक तक्ता केला. ऑफिसात एखादी चूक सापडत नाही तेव्हा आम्ही लॉग पहिल्या ओळीपासून वाचतो, घाई न करता. इथे रकाने चार होते: प्रसंग कोणता, खोलीत कोण, कोण कोणाशी बोललं, आणि धाकटीने काय केलं. पहिल्या तीन रकान्यांतून कोडं सुटतं. बाप जे बोलतो ते मोठीशी. रात्री तो उन-जूला गोळ्या देतो, आणि पहिल्यांदा पाहताना आपल्याला वाटतं बाईला काहीतरी आजार असावा. मामा-मामी जेवायला येतात तेव्हा टेबलापाशी उन-जू असते आणि मुली नसतात. धाकटीची पाळी येते त्याच दिवशी सावत्र आईचीही आलेली असते, कारण शरीर एकच आहे. दिग्दर्शकाने काहीच लपवलेलं नव्हतं.

चौथ्या रकान्यात मी लिहीत गेले: घाबरते. हात धरते. रडते. मोठीच्या मागे उभी राहते. गप्प राहते. पुन्हा गप्प राहते. तिने मोठीला विरोध केलाय, कंटाळून हात सोडवून घेतलाय, एखादी वेगळीच मागणी केलीय, असं त्या रकान्यात काही आलं नाही. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं होतं की लिहिणाऱ्याने या मुलीकडे लक्ष दिलं नाही. तक्ता पूर्ण झाल्यावर कळलं की पडद्यावर दिसते ती सू-मीची धाकटी बहीण आहे, सू-मीच्या प्रेमात मावेल एवढीच. मोठ्या बहिणीच्या आठवणीत धाकटी जेवढी उरते, तेवढी.

मग ते कपाट. सू-मी मनातल्या घरात सावत्र आईला एवढी दुष्ट का करते? तिने सू-यनला परत आणलं, इथवर समजतं. पण परत आणून पुन्हा छळ कशाला? सुखात का नाही ठेवलं? मला वाटतं याचं उत्तर त्या कपाटाच्या प्रसंगात आहे. कपाट उघडायचं असेल तर आधी आत कुणीतरी कोंडलेलं पाहिजे. कोंडायला कुणीतरी पाहिजे. सू-मीला वेळेवर पोचायचं आहे, एवढंच. त्या एका क्षणासाठी तिने बहीणही उभी केली आणि वैरीणही, आणि दोघींना एकदमच जिवंत ठेवावं लागतं. सावत्र आई चांगली झाली तर वाचवायचं काही उरत नाही, आणि वाचवायचं काही उरलं नाही तर सू-यन परत मरते.

खरं घडलं ते आपल्याला अगदी शेवटी दिसतं. त्या दिवशी सू-यन रडत आपल्या खोलीत येते आणि कपाट उघडते, तर आत आईने गळफास घेतलेला. ती आईला ओढायला लागते आणि अख्खं जड कपाट तिच्यावर कोसळतं. आवाज घरभर जातो. उन-जू वर येते, पाहते, आणि निघून जाते. थोडं पुढे जाऊन थांबते. परत वळते. वळून येत असताना तिला सू-मी भेटते. सू-मी तिच्यावर खेकसते, की तू इथे वर काय करतेयस. आई आजारी असताना बापाजवळ आलेली ही बाई, तिच्याबद्दल सू-मीच्या मनात जे काही आहे त्यातलं काही चूक नाही. उन-जूचा चेहरा बदलतो. ती एवढंच म्हणते की या क्षणाचा तुला पुढे पश्चात्ताप होईल. सू-मी उलट उत्तर देते आणि घरातून बाहेर पडते. वर सू-यन अजून जिवंत असते.

सिनेमातली सगळी भुतं एकीकडे आणि जिन्याजवळचा हा प्रसंग एकीकडे. यात कुणी राक्षस नाही. एक बाई आहे जिने वाईट गोष्ट केली आणि जी ती सुधारायला अर्ध्या वाटेपर्यंत आली होती. एक मुलगी आहे जिला राग यायला हवा होता तसाच आला. मनातल्या घरात सू-मी या दोघींना तोडून वेगळं करते: बाई पूर्ण वाईट, आणि आपण कायम घरात, कायम वेळेवर.

इथे माझ्या ताईबद्दल सांगितलं पाहिजे. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, खाली काका-काकू. मी पाचवीत आणि ताई नववीत असताना आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि आई-बाबा जवळजवळ तीन महिने पुण्याला होते. आम्ही दोघी खाली जेवायचो आणि झोपायला वर यायचो. त्या तीन महिन्यांची गोष्ट आमच्या घरात ताईची आहे. लग्नात, दिवाळीत, कुणी जुना विषय काढला की ती सांगते. काकू कशी खाष्ट होती, दूध कसं मोजून द्यायची, ही चिऊ कशी घाबरून बोलायचीच नाही आणि मी तिला कशी सांभाळली. चिऊ म्हणजे मी. मी आता अठ्ठावीस वर्षांची आहे, माझ्या हाताखाली चार माणसं काम करतात, पण त्या गोष्टीत मी भिंतीला पाठ लावून उभी असते.

काकू ओरडायची हे खरं आहे. दूध मोजून द्यायची हेही असेल. मला मात्र त्या दिवसांतली पहिली आठवण येते ती सकाळची. काकू मागच्या पायरीवर बसायची, मला पुढ्यात घ्यायची आणि माझे केस विंचरायची. गुंता वरून न ओढता खालच्या टोकापासून सोडवत यायची. खोबरेल तेलाचा वास असायचा. ती बोलायची नाही आणि मलाही बोलावं लागायचं नाही. मला ते आवडायचं.

रात्री वर आल्यावर ताई विचारायची, काकू काही बोलली का तुला? मी गप्प बसायचे. सिनेमात सू-मी सू-यनच्या हातावरचे वळ बघते आणि हे तिने केलं का म्हणून विचारते, आणि सू-यन काहीच बोलत नाही, तो प्रसंग आला की मी दर वेळी सरसावून बसते. मोठीला ते मौन म्हणजे होकार वाटतो. पण गप्प बसण्याची कारणं पुष्कळ असतात. दहा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं की तुला कुणी त्रास दिला का, तर प्रश्न विचारणारीच्या तोंडाकडे बघून तिला कळतं की इथे उत्तर आधीच ठरलंय, आणि वेणीची गोष्ट त्यात बसणार नाही.

शेवटच्या त्या दिवसाकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा जाते. सू-मीच्या मनात सू-यन कपाटात कोंडलेली आहे, बाहेरून कुणीतरी येऊन उघडायची वाट बघणारी. खरी सू-यन कोंडलेली नव्हती. कपाट तिने स्वतः उघडलं होतं. आत आई दिसल्यावर ती पळाली नाही, आईला खाली घ्यायला तिने हात घातला. ती वाचवायला गेली आणि त्यात गेली. आयुष्यातली सगळ्यात धाडसाची गोष्ट तिने केली तेव्हा तिची ताई तिथे नव्हती, त्यामुळे ताईच्या गोष्टीत ती येऊच शकत नाही. सिनेमा आपल्याला ती काही क्षण दाखवतो. माझ्या चौथ्या रकान्यात रडणं आणि गप्प राहणं याहून वेगळी अशी ती एकच नोंद आहे.

हे असंच सोडलं तर ताईवर अन्याय होईल. या सिनेमाचा हॉलिवूडने २००९ मध्ये ‘द अनइनव्हाइटेड’ नावाने रिमेक केला. मूळ सिनेमाच्या मानाने तो साधाच आहे, पण त्यात एक उलटापालट आहे. तिथे उरते ती धाकटी, आणि ती मेलेल्या थोरलीला मनात जिवंत ठेवते. ही मनातली थोरली कशी आहे? बेधडक. होऊ घातलेल्या सावत्र आईच्या तोंडावर बोलणारी, कुणाला न जुमानणारी, धाकटीला पुढे ढकलणारी. तिला भीती अशी नाहीच. दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला जरा हसू आलं. थोरली आठवते तेव्हा धाकटी घाबरट होते, धाकटी आठवते तेव्हा थोरली निडर होते. माझ्या आठवणीतली नववीतली ताई तशीच आहे. काकूला उलट बोलणारी, रात्री जिन्यातला दिवा बंद करून माझ्या मागून वर येणारी. ती त्या वेळी चौदा वर्षांची होती, आणि तिची आई परगावी दवाखान्यात होती, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

ताई आता डब्लिनला असते. तिला भयपट आवडत नाहीत, पण मी बरेच दिवस मागे लागल्यावर मागच्या जूनमध्ये तिने हा पाहिला आणि फोन केला. म्हणाली, “ती मोठी वेडी नाहीये गं. तिला उशीर झाला, एवढंच.” मी म्हटलं, हो. मग मी तिला वेणीचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“मला माहितीये,” ताई म्हणाली. “मीच सांगितलं होतं काकूला.”

“काय?”

“मला तुझे केस विंचरता यायचे नाहीत. गुंता ओढला की तू रडायचीस, मग मलाही रडू यायचं. एक दिवस खाली गेले आणि म्हटलं, काकू, एवढं तू कर.”

“आणि तिने ऐकलं?”

“लगेच. मला बसवून चहा दिला.”

मी विचारलं की मग तुझ्या गोष्टीत ती नेहमी खाष्ट कशी असते. पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “आई चालू शकेल की नाही ते आम्हाला कुणी सांगत नव्हतं. राग कुणाचा तरी यायला हवा ना. आईचा कसा येणार?”

मग नेहमीप्रमाणे तिने विचारलं, दाराला कडी लावलीस ना. लावली होती. मी तिला विचारलं की तुला तेव्हा भीती वाटायची का.

“रोज,” ती म्हणाली, आणि सांगायला लागली. जिन्यातला दिवा ती माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीच शेवटपर्यंत चालू ठेवायची आणि वर पोचल्यावर पळत जाऊन बंद करायची, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे साडेअकरा वाजून गेले होते, तिच्याकडे अजून ऊन होतं. आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.